मावशीने उचललं

२ एप्रिल

प्रिय मावशी,

नमस्कार-चमत्कार पोहोचले असं समज. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू आपल्या मनाने भरतेस. मागच्या आठवड्यात मी म्हणाले, "पुसायला शिकवतात," तर तू अख्ख्या गल्लीला सांगितलंस की पोरीला तिथे फरश्या पुसायला लावतात. अगं, चेहरा पुसायला! म्हणून आता पत्र. कागद तरी तुला जसाच्या तसा ऐकू येईल.

त्वचेची निगा शिकवणाऱ्या या शाळेत येऊन तीन आठवडे झाले. मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी लेप, दुसऱ्या दिवशी मालिश आणि महिन्याभरात मी लोकांचे चेहरे उजळवून टाकणार. पी हळद आणि हो गोरी! प्रत्यक्षात आम्ही हात धुतो, टॉवेलांच्या घड्या घालतो, पुन्हा हात धुतो आणि वर्गात बसून थर पाठ करतो. वर बाह्यत्वचा, खाली अंतस्त्वचा, त्याखाली चरबी. एकट्या बाह्यत्वचेचेच आणखी पाच थर. पहिल्या चाचणीत मी ते पाचही बरोबर लिहिले, फक्त उलट्या क्रमाने. वही परत देताना आमच्या बाई एवढंच म्हणाल्या, "तुमचा माणूस मोज्यासारखा आतून बाहेर काढलेला दिसतोय."

बाई कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून तर जास्त लागतं. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे: "विचारा. बघा. मगच हात लावा." समोरच्या माणसाला आधी सगळं विचारायचं. उन्हात असता का, तोंडाला काय लावता, काम काय करता. मग नीट उजेडात बघायचं. मला नेमकं उलटं सुचतं, हात आधी आणि तोंड नंतर.

परवाची फजिती ऐक. अंधाऱ्या खोलीत एक जांभळा दिवा असतो. तो चेहऱ्यावर धरला की साध्या उजेडात न दिसणारं दिसतं. माझ्या जोडीदारणीच्या गालावर मला चमकते पांढरे ठिपके दिसले आणि मी मोठ्याने जाहीर केलं की हिला बुरशी झाली आहे. ती बिचारी रडायलाच लागली. बाईंनी येऊन त्यातला एक ठिपका चिमटीत धरला आणि उचलला. टॉवेलचे तंतू होते! तोंड मीच पुसलं होतं. "विचारलंत का, आत्ता चेहरा कशाने पुसला?" बाई म्हणाल्या. तेव्हापासून वर्गात माझं नाव 'बुरशी' पडलंय. तुझं 'भिंगरी' काय वाईट होतं!

दुसरी चाचणी तीस एप्रिलला आहे. तीही गेली तर बाई पुढच्या वर्षी या म्हणून घरी पाठवतात. खरं सांगू, मला आत्ताच यावंसं वाटतंय. तुझ्या पाळणाघरात ठेवून घेशील का? तिथलं पहिलं मूल मीच, तेव्हा माझा हक्क आहे. तुझी पोरं काय म्हणतात, मुंगी कशी आहे? आणि भोंगा दुपारी अजून रडतो का?

तुझी,
भिंगरी (उर्फ बुरशी)

---

८ एप्रिल

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. आधी तुझ्या काकांनी मोठ्याने वाचलं, मग मी मनात वाचलं, आणि दोन्ही वेळा मोज्यापाशी हसू आवरेना. तुझ्या बाई मला आवडल्या.

घरी यायचं नाव काढू नकोस. कंटाळा आला की घरी जायचं असतं, तर मी पाळणाघरातून रोज घरी गेले असते, आणि पाळणाघर तर घरातच आहे! चार महिन्यांची होतीस तेव्हापासून तुला ओळखते. चालायला शिकतानाही तू आधी धावली होतीस आणि मग चालायला लागलीस. आताही तेच चाललंय, होईल नीट.

त्वचा म्हणे! आम्हाला आपली कातडी होती. बाईंना सांग, अकरा मुलं सांभाळणाऱ्या बाईला पाच थर नसतात, एकच असतो, गेंड्याचा.

शुक्रवारी इतकं ऊन होतं की भोंगासुद्धा रडायचं विसरला. अंगणात मोठा टब भरला आणि सगळ्यांना चड्डीवर पाण्यात सोडलं. मी दारातल्या टेबलाशी सरबताची लिंबं पिळत बसले. तीस लिंबं, आणि पिळायचं यंत्र मोडलेलं, म्हणून सगळी हातानेच. रस कोपरापर्यंत ओघळत होता. वर बघते तो मुंगी टबाबाहेर, आणि फाटकाची कडी काढलेली! चार वर्षांचा जीव, पण कडी कशी काढायची ते बरोबर कळतं. बाहेर माल उतरवायला एक ट्रक मागे मागे येत होता. हातातलं लिंबू टाकलं आणि तशीच धावले. मागून काखेखाली धरून उचललं तिला आणि आणून पायरीवर बसवलं. अंग सुकेपर्यंत उन्हातून हलायचं नाही म्हणून दम भरला. ओरडले पण फार. कडी लावून वळते तो ही बया हात वर करून म्हणते, "मावशी, पुन्हा उचल!"

काकांनी कडी आता माझ्या डोक्याच्या उंचीवर बसवली आहे. परवा मलाच ती काढता येईना.

अभ्यास कर. थर वरून खाली लिही.

तुझी मावशी

---

१३ एप्रिल

प्रिय मावशी,

कडी वर गेली, बरं झालं. मुंगीला माझा एक पापा दे आणि सांग की फाटकाबाहेर काही नाही, नुसता ट्रकच आहे.

या आठवड्यात रंग शिकलो. ऊन लागलं की त्वचा स्वतःच्या बचावासाठी रंग तयार करते, मेलॅनिन नावाचा. तो तपकिरी असतो आणि जायला आठवडे, कधी महिने घेतो. मार लागून पडलेला डाग म्हणजे वेगळं प्रकरण. तिथे रक्त साकळतं, म्हणून तो आधी लालनिळा, मग हिरवा, मग पिवळा होतो आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. बाई म्हणतात, कुठलाही डाग दिसला की पहिला प्रश्न हा, की याचा रंग बदलतोय का. मी काल पलंगाच्या कडेवर गुडघा आपटून घेतला (मुद्दाम नाही, पण कामी आला) आणि आता रोज तारीख घालून त्याचा रंग वहीत लिहिते. शेजारच्या खाटेवरची म्हणते, बुरशीने आता भाजी लावली.

यावेळी मला शिकायला बरं वाटतंय, हे कोणाला सांगू नकोस.

तुझी भिंगरी

---

१७ एप्रिल

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. आम्ही ठीक. पाळणाघर थोडे दिवस बंद ठेवलंय, रंगकाम काढलं आहे.

एक विचारायचं होतं. लहानपणी मी तुला कधी मारलं होतं का? आठवत असेल तसं लिही, मला बरं वाटावं म्हणून नको.

मावशी

---

२१ एप्रिल

प्रिय मावशी,

हे काय नवीन? वय झालं की माणसं जुने हिशेब काढतात असं ऐकलं होतं, पण तू इतक्या लवकर!

विचारलंस म्हणून सांगते. एकदाच. पाच वर्षांची होते, केसातली पिन भिंतीतल्या विजेच्या भोकात घालायला निघाले होते. तू आलीस, ओढलंस आणि मांडीवर एक ठेवून दिलीस. पाच बोटं अशी उमटली होती की मोजून घ्यावीत. मी तासभर रडले, मग तू रडलीस, मग दोघींनी मिळून बिस्किटं खाल्ली. मांडीवर एकटी करंगळी वाकडी दिसत होती आणि त्याचं मला फार हसू आलं होतं, हे पक्कं आठवतं. मारणारी तूच, हे जगात कोणी नाकारू शकलं नसतं.

झालं समाधान? आता माझं ऐक. रंगकाम? अगं, मी निघायच्या आधीच तर काकांनी आणि मी मिळून त्या खोल्या पिवळ्या केल्या होत्या. माझ्या चपलांवर अजून ते ठिपके आहेत. आणि तुझी पत्रं इतकी छोटी कधीपासून व्हायला लागली? मुंगीला पापा दिलास का, तेही लिहिलं नाहीस.

काय झालंय?

भिंगरी

---

२५ एप्रिल

प्रिय भिंगरी,

तुला खोटं लिहिलं. रंगकाम नाही.

दहा तारखेला सकाळी मुंगीची आई आली. ती तिकिटांच्या खिडकीवर काम करते, शांत बाई आहे, उगाच भांडणारी नाही. मुंगीचा फ्रॉक वर करून तिने मला पाठ दाखवली. काखांच्या खाली दोन्ही बाजूंना तपकिरी डाग होते. चार इकडे, चार तिकडे, आणि मागे पाठीवर अंगठ्यांएवढे दोन. सोमवारी तिला तिथे थोडं लाल दिसलं होतं, घामोळं असेल म्हणून तिने सोडून दिलं, आणि दोन दिवसांत ते असं गडद झालं.

मी माझा हात जवळ नेला. मोजायला नेला नव्हता गं, आपोआप गेला. आणि तो बसला. बोट आणि बोट. उजव्या बाजूची करंगळी वाकडी उमटली होती, लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली माझी करंगळी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुंगीची आई माझ्या हाताकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "मी हिला विचारलं, मावशीने हात उचलला का? तर ही म्हणाली, हो, उचललं." ती ओरडली नाही, रडली. मुंगीचा पेला, चादर, पिशवी घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीभर झाली. मुंगी धरून अकरापैकी आठ मुलं गेली. उरलेल्या तिघांच्या आयांना मीच म्हटलं, थोडे दिवस नका पाठवू.

आता तुला जे लिहिते ते काकांनाही बोलले नाही. त्या दिवशी मी तिला घट्ट धरलं होतं. रागही आला होता, भीतीतून येतो तसला. पण दहाही बोटं उमटावीत इतकं दाबलं का मी तिला? मला आठवत नाही. रोज आठवून बघते, ट्रक आठवतो, कडी आठवते, हात आठवत नाहीत. आणि आठवत नाही म्हणजे दाबलंच असेल, असं वाटायला लागलंय. म्हणून तुला तसं विचारलं. तू लिहिलंस ते खरंच लिहिलंस, मनाला लावून घेऊ नकोस. मी विचारलं नसतं तर तू कशाला सांगितलं असतंस?

काका म्हणतात, तू पोराला मारूच शकत नाहीस. ते नवरे आहेत, त्यांना म्हणावंच लागतं. परवा त्यांना दुकानात मुंगीची आई भेटली. डाग अजून तसेच आहेत, तसेच तपकिरी. दाबलं तर दुखत नाहीत म्हणते. पुढून छातीवर मात्र काही नाही, तेवढं बरं. बालकल्याणाच्या सरकारी कार्यालयात ती लेखी तक्रार देणार आहे. मी काकांकरवी निरोप पाठवला, जरूर द्या.

पाळणाघर बंद करायचं ठरवलं आहे. सव्वीस वर्षं खूप झाली. मुलं शेजारून जाताना दिसली की मी हात पदराखाली घेते.

तू अभ्यास कर. तुझी चाचणी तीसला आहे, हे माझ्या लक्षात आहे.

मावशी

---

२८ एप्रिल, कुरियरने

मावशी,

तू मुंगीला दुखवलं नाहीस. आधी ही ओळ दोनदा वाच, मग पुढे जा.

तुझं पत्र मी टॉवेलांच्या खोलीत वाचलं आणि तशीच बाईंकडे गेले. तुझी सगळी पत्रं हातात होती. मला वाटलं त्या म्हणतील, घरचं प्रकरण आहे, सुट्टी घ्या. त्यांनी पुढची खुर्ची दाखवली आणि विचारायला सुरुवात केली.

डागांचा आजचा रंग? तपकिरी. पहिल्या दिवसापासून तोच? हो. हिरवा, पिवळा कधी झाला? नाही. दाबलं तर दुखतं? नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात माझा गुडघा आला! बारा तारखेला निळा, सतराला हिरवा, बावीसला पिवळा, आज काहीच नाही. वहीत तारखेनिशी आहे. मुंगीच्या पाठीवरचे डाग माझ्या गुडघ्याच्याही आधीचे, आणि ते जागचे हललेले नाहीत. रक्त साकळलेलं असतं तर आत्तापर्यंत सगळं धुऊन गेलं असतं.

मग बाई म्हणाल्या, "मागून काखेखाली धरून उचललं तर अंगठे कुठे येतात आणि बोटं कुठे?" मी टॉवेलांच्या गठ्ठ्यावर करून बघितलं. अंगठे पाठीवर आले, बोटं कुशीवरून पुढे वळली. जोराने दाबलं असतं तर बोटांची टोकं पुढे छातीकडे उमटली असती, कारण वजन टोकांवर येतं. आणि पुढे तर काही नाही. "मूल नंतर कुठे बसलं होतं? ऊन कुठून येत होतं?" मी म्हटलं, पायरीवर, आणि त्या पायरीवर दुपारचं ऊन पाठीवरच येतं, मी तिथे अख्खं बालपण बसले आहे.

शेवटी त्यांनी विचारलं, "मावशींच्या हाताला काय लागलं होतं?" मी म्हटलं, काही नाही. "धावल्या त्याआधी काय करत होत्या?" मी तुझं आठ तारखेचं पत्र काढलं आणि वाचायला लागले. 'तीस लिंबं' म्हटलं आणि बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

लिंबाच्या रसात आणि त्याहून जास्त सालीत एक पदार्थ असतो, मावशी. तो त्वचेवर नुसता असला तर काही करत नाही. पण त्यावर कडक ऊन पडलं की दोनतीन दिवसांत तिथे लाल होतं आणि मग तपकिरी डाग पडतो. ओल्या अंगावर तर आणखीच. तो महिना महिना जात नाही. आणि जिथे रस लागून वर ऊनही पडलं तिथेच पडतो, ओघळ असेल तर ओघळाच्या आकाराचा, बोट असेल तर बोटाच्या. म्हणून तर आम्हाला बजावतात की लिंबू लावून कोणाला उन्हात पाठवायचं नाही. तो धडा पुढच्या महिन्यात होता. तुझा हात तिच्यावर उमटलाय हे खरंच आहे, पण तो जोराने उमटला नाही, उन्हाने उमटला.

मी आनंदाने उडीच मारली, तर बाई म्हणाल्या, "बसा. मी ते मूल पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असतं तरी निदान करणं आपलं काम नाही. योग्य माणसाकडे पाठवणं आपलं काम." तेव्हा हे पत्र मुंगीच्या आईला दे. तिने मुंगीला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं आणि त्यांना लिंबाचं आवर्जून सांगावं. तोवर त्यावर काही चोळायचं नाही, घासायचं नाही, पाठ उन्हापासून झाकायची.

आणि तू उठ, खिडकीपाशी जा, पदराखालचे हात बाहेर काढ आणि बघ. त्या दुपारी तूही उन्हात होतीस.

मुंगीवर रागावू नकोस. ती खोटं बोललीच नाही. आईने विचारलं, हात उचलला का, आणि तिने सांगितलं, उचललं. तूच लिहिलं होतंस ना, "पुन्हा उचल" म्हणाली म्हणून? ध चा मा झाला, मावशी. तुझं फोनवर होतं तेच. अर्धं ऐकू आलं आणि उरलेलं भीतीने भरलं.

माझं त्या पिनेचं पत्र फाडून टाक. ती बोटं तासाभरात गेली होती, हे लिहायला मी विसरले. बिस्किटं तेवढी लक्षात ठेवली.

भिंगरी

---

२ मे

मावशी, पास झाले. थर वरून खाली लिहिले. बाईंनी तोंडी परीक्षेत एकच प्रश्न विचारला, "डाग दिसला, काय कराल?" मी म्हटलं, विचारीन. त्या म्हणाल्या, झालं, या आता. बाकी मला काही नको, तिकडे काय झालं ते कळव. फोन नको, मला सगळंच्या सगळं ऐकायचंय. भिं.

---

७ मे

प्रिय भिंगरी,

पास झालीस! काकांनी तुझं कार्ड फाटकाच्या आतल्या बाजूला टाचलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचूनच आत यावं लागतं.

आता सगळंच्या सगळं ऐक. तुझं पत्र आलं तेव्हा मी भांडी घासत होते. काकांनी पहिली ओळ वाचली, मी म्हटलं पुन्हा वाचा. मग पुढचं वाचत ते 'खिडकीपाशी जा'पर्यंत आले. मी गेले. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या बेचक्यात, दोन्ही हातांना, तपकिरी डाग. मनगटावरून कोपरापर्यंत एक ओघळ, गडद, वाकडातिकडा. इतके दिवस मी त्याला म्हातारपण समजत होते! तिथेच फरशीवर बसले आणि रडले. काकांना वाटलं काही वाईट घडलं. मी म्हटलं, अहो, नाही, जिवात जीव आला आहे.

संध्याकाळी मुंगीच्या आईकडे गेले. तिने दार उघडलं पण आत या म्हणाली नाही. पत्र दिलं. तिने ते दारातच उभ्याने वाचलं, लिंबांपाशी आली आणि उंबऱ्यावर बसली. मी दोन्ही हात पुढे केले. तिने माझं मनगट धरून उजेडाकडे वळवलं आणि कितीतरी वेळ तो ओघळ बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, उद्या सुट्टी काढते. तुम्हीही चला डॉक्टरांकडे. तुम्ही याच."

डॉक्टर म्हणजे एक जाडजूड, घाईतली बाई. मुंगीची पाठ बघितली, भिंगातून बघितली, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत विचारलं, "लिंबू कोणी पिळलं?" मुंगीच्या आईने माझ्याकडे बोट दाखवलं आणि हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. डॉक्टरबाई म्हणाल्या, दरवर्षी उन्हाळ्यात दोनतीन तरी येतात, कोणाच्या मानेवर, कोणाच्या हनुवटीवर. हाताचा इतका स्वच्छ छाप मात्र पहिल्यांदाच बघितला. डाग दोनतीन महिन्यांत आपोआप फिके होतील. काही लावायचं नाही, ऊन टाळायचं. तुझ्या बाईंनी सांगितलं त्यापेक्षा एक अक्षर वेगळं नाही.

मग मुंगीच्या आईने पुन्हा विचारलंच. तिचाही जीव अडकला होता ना. "बाळा, त्या दिवशी मावशीने हात उचलला होता का गं?" मुंगी तिच्याकडे, एवढंही कळत नाही का, अशी बघायला लागली. म्हणाली, "हात मी उचलले. असे." आणि दोन्ही हात वर केले. "आणि मावशीने मला उचललं."

तक्रार तिने लिहून ठेवली होती, दिली नव्हती. घरी आल्यावर माझ्यासमोर फाडली. तेवढ्यावर ती थांबली नाही, ही तिची खरी मोठी गोष्ट. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी आणि कामावरून आल्यावर ती बाकीच्या सातही घरी स्वतः गेली आणि म्हणाली, चूक माझी झाली. मला वाटलं होतं मी तिच्यावर रागावेन. नाही रागावले. पोराच्या पाठीवर कोणाची बोटं दिसली असती तर मी तिच्यापेक्षा जास्त आरडाओरडा केला असता.

आज पाळणाघर उघडलं. नऊ आली, दोन सोमवारी येतील. भोंगा रडत आला, म्हणजे सगळं सुरळीत आहे. लिंबाचं यंत्र काकांनी दुरुस्त करून आणलं. सरबत आता आत, पंख्याखाली होतं आणि मी हात धुतल्याशिवाय कोणी अंगणात जात नाही.

मुंगी पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घालून आली होती. बूट काढले, पिशवी खुंटीला लावली आणि माझ्यापुढे येऊन हात वर केले. भिंगरी, मी लगेच नाही गं पुढे झाले. महिनाभर पदराखाली होते ते हात. तुझ्या बाईंना सांग, मी त्यांच्या पाटीप्रमाणेच केलं. आधी विचारलं, "उचलू का?" ती म्हणाली, "कधीची उभी आहे!" मग नळाशी जाऊन हात धुतले, साबण लावून, दोनदा, आणि खिडकीत उलटसुलट करून बघितले.

मगच उचललं. महिन्याभरात जड झाली आहे पोर.

तुझी मावशी